डी ड्राइव्हमधलं चार महिन्यांचं काम गायब, आणि विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट: माझा अनुभव आणि रिव्ह्यू

डिस्क मॅनेजमेंट हे टूल विंडोज २००० पासून आहे, आधीच बसलेलं असतं, वेगळं घ्यावं लागत नाही, आणि बहुतेक लोक ते वर्षातून एकदाही उघडत नाहीत. मीपण नव्हते उघडत. पण अपडेटनंतर माझी ड्राइव्ह लेटर (म्हणजे सी, डी, ई ही ड्राइव्हची अक्षरं) इकडची तिकडे झाली आणि तो सगळा गुंता याच टूलने सोडवला, त्यामुळे याच्याबद्दल नीट लिहायचं ठरवलंय, चांगलं काय ते आणि जपून कुठे राहायचं तेही.

आधी झालं काय ते सांगते. मी ऑडिओ एडिटिंग करते. सी वर सिस्टिम, डी वर सगळे प्रोजेक्ट, आणि ई म्हणजे यूएसबीची बाहेरची डिस्क जिच्यावर रोज रात्री दहाला डी ची कॉपी जाते. चार महिन्यांपूर्वी डी ची जुनी हार्ड डिस्क हळू झाली म्हणून ती जशीच्या तशी नव्या एसएसडीवर क्लोन केली आणि जुनी काढून ठेवून दिली. मग हे मोठं अपडेट आलं. मी 'अपडेट अँड शट डाउन' दिलं, मशीन बंद झालं, आणि म्हटलं चला केबिनेट उघडतेच आहे धूळ काढायला तर ती जुनी डिस्कही आत जोडून ठेवू, अपडेटमध्ये काही बिनसलंच तर जुनं काम तरी हाताशी असेल.

सकाळी मशीन चालू केलं, अपडेटचे टक्के पूर्ण झाले, डेस्कटॉप आला, डी उघडला. सगळे फोल्डर जागच्या जागी. फक्त गेल्या चार महिन्यांत केलेलं एकही प्रोजेक्ट त्यात नव्हतं. ड्राइव्ह गायब असता तर निदान कळलं असतं की केबल सुटलीय किंवा काहीतरी, पण इथे डी आहे, नाव तेच आहे, फोल्डर तेच आहेत आणि आतलं काम मात्र चार महिने मागे गेलंय, म्हणजे अपडेटने माझ्या फाइल्स पुसल्या असंच मला वाटलं आणि पोटात गोळा आला.

दादाला फोन लावला. तो म्हणाला, "डी उघडतोय ना?"

"उघडतोय रे, पण जुनंच दाखवतोय सगळं."

"काही डिलीट करू नकोस, रिकव्हरीचं कुठलं सॉफ्टवेअर टाकू नकोस, फॉरमॅट विचारलं तर कॅन्सल कर. आणि ते रात्रीचं बॅकअप आधी बंद कर."

हे बॅकअपचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझी रात्रीची कॉपी रोबोकॉपीने (विंडोजमधली फाइल्स कॉपी करायची कमांड) होते आणि तिला मिरर करायला सांगितलंय. मिररचा अर्थ असा की डी वर जे आहे तेच ई वर राहील, आणि डी वर जे नाही ते ई वरून काढून टाकलं जाईल. रोबोकॉपीला डिस्क ओळखता येत नाही, तिला फक्त 'डी' हे अक्षर कळतं. त्या रात्री दहाला तिने इमानदारीत जुनी डिस्क बघितली असती, चार महिन्यांच्या फाइल्स तिथे नाहीत असं ठरवलं असतं आणि माझ्या एकुलत्या एक बॅकअपमधून त्या उडवल्या असत्या. म्हणून लेटर बदललेली दिसली की पहिलं काम हे, टास्क शेड्युलर (विंडोजमधलं ठरल्या वेळी कामं चालवणारं टूल) उघडा आणि ड्राइव्हच्या अक्षरावर चालणारी प्रत्येक कॉपी, सिंक, साफसफाई डिसेबल करा. ड्राइव्हला हात नंतर लावा. हे मी सगळ्यात वर लिहितेय कारण लेटर बदलण्याने डेटा जात नाही, डेटा जातो तो चुकीच्या लेटरवर भरवसा ठेवून चालणाऱ्या गोष्टींमुळे.

आता टूल. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, जो मेनू येतो त्यात डिस्क मॅनेजमेंट आहे, किंवा रनमध्ये 'डिस्कएमजीएमटी डॉट एमएससी' टाका. खिडकी जुन्या वळणाची आहे, वर व्हॉल्यूमची (म्हणजे ड्राइव्ह म्हणून वापरता येणाऱ्या भागांची) यादी, खाली प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी. दिसायला रुक्ष आहे पण माझं स्पष्ट मत आहे की ही खालची पट्टी हीच या टूलची खरी किंमत आहे. एक्सप्लोररमध्ये तुम्हाला फक्त लेटर दिसतात. इथे खरी डिस्क दिसते, डिस्क ०, डिस्क १, डिस्क २, तिच्यावर पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) किती, कुठलं रिकव्हरीचं, कुठल्याला लेटर आहे आणि कुठल्याला नाही. मी उघडलं तर दहा सेकंदात उत्तर समोर होतं, डिस्क १ ला डी लेटर आणि डिस्क २ च्या खाली लिहिलेलं 'ऑफलाइन'. ऑफलाइनवर माउस नेला तर कारण आलं, ही डिस्क दुसऱ्या चालू डिस्कशी सिग्नेचर कोलिजन होत असल्यामुळे, म्हणजे दोन्हींची ओळखीची सही एकच असल्यामुळे, ऑफलाइन आहे.

म्हणजे फाइल्स पुसल्याच नव्हत्या. माझी नवी एसएसडी विंडोजने बाजूला बसवून ठेवली होती.

याचं कारण कळून घेण्यासारखं आहे, कारण लेटर बदलण्याचे बाकीचे प्रकारही यातूनच कळतात. विंडोज कुठल्या पार्टिशनला कुठलं लेटर द्यायचं ते रजिस्ट्रीत, म्हणजे स्वतःच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, लिहून ठेवतं, एचकेएलएम या तिच्या मुख्य शाखेत सिस्टिमच्या खाली 'माउंटेड डिव्हायसेस' नावाची की (कप्पा) आहे तिच्यात. डिस्कवर पार्टिशनची नोंद ठेवायच्या दोन पद्धती आहेत, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर चार बाइटची एक सही असते, ती सही आणि पार्टिशन डिस्कवर कुठून सुरू होतं तो आकडा, या दोन्हींच्या जोडीवर लेटर ठरतं. जीपीटी डिस्क असेल तर पार्टिशनचा स्वतःचा लांबलचक आयडी असतो, त्यावर ठरतं. आता क्लोन म्हणजे बाइटला बाइट कॉपी, म्हणजे सहीसुद्धा तीच. दोन्ही डिस्क एकत्र जोडून मशीन चालू केलं, जुनी आधी सापडली, तिची सही डी च्या नोंदीशी जुळली, डी तिला मिळाला. नंतर त्याच सहीची दुसरी डिस्क आली तर विंडोज तिला चालू करत नाही. त्यामुळे दोष अपडेटचा नव्हता, मी दोन जुळ्या डिस्क एकत्र जोडल्या होत्या, अपडेट फक्त त्याच वेळी झालं आणि म्हणून संशय अपडेटवर गेला. तुमच्याकडेही अपडेटनंतर लेटर बदललं असेल तर आधी आठवा की त्याच दरम्यान कुठली डिस्क जोडली, काढली, क्लोन केली, कार्ड रीडर लावला, पेनड्राइव्ह तसाच राहिला. मोठ्या अपडेटमध्ये मशीन दोनतीन वेळा रिस्टार्ट होतं आणि त्या वेळी जे जे लटकलेलं असेल ते सगळं पुन्हा मोजलं जातं, रिकामं लेटर दिसलं की नवं आलेलं त्यावर बसू शकतं, मग तुमची नेहमीची बाहेरची डिस्क नंतर लावली की तिला पुढचं लेटर मिळतं.

आता दुरुस्ती. डिस्क २ च्या डाव्या करड्या चौकोनावर राइट क्लिक करून 'ऑनलाइन' दिलं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, अशी भांडणारी डिस्क ऑनलाइन केली की विंडोज तिच्यावर नवी सही लिहितं. नुसत्या डेटाच्या डिस्कला त्याने काही होत नाही, आतल्या फाइल्सना धक्का लागत नाही. पण त्या डिस्कवर विंडोजच असेल, म्हणजे तुम्ही सिस्टिमचीच क्लोन केली असेल, तर सही बदलल्यावर ती पुढे बूटच होईना असं होऊ शकतं. तशा वेळी ऑनलाइन न करता मशीन बंद करून दोनपैकी एक डिस्क काढून ठेवा.

माझी एसएसडी ऑनलाइन आली आणि तिला एफ लेटर मिळालं. एफ उघडला, चार महिन्यांचं सगळं काम आत. मी तिथेच खुर्चीत मागे टेकून दोन मिनिटं नुसती बसले होते.

मग अक्षरांची अदलाबदल. दोन ड्राइव्हची लेटर थेट एकमेकांशी बदलता येत नाहीत, यादीत फक्त रिकामी लेटर दिसतात, त्यामुळे आधी एकाला तिसरं लेटर देऊन जागा मोकळी करावी लागते. त्याआधी कुठली कुठली ते नक्की करा! माझ्या दोन्ही डिस्क १ टीबीच्या, दोन्हींवर आकडा ९३१ जीबी, दोन्हींचं नाव एकच कारण क्लोनमध्ये नावही तेच येतं. मी दोन गोष्टींवरून ओळखलं, एक म्हणजे मोकळी जागा किती उरलीय, आणि दुसरं म्हणजे त्या करड्या चौकोनावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिस्कचं मॉडेल. मॉडेलवर खोटं बोलायला वाव नाही. मग जुन्या डी वर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', 'चेंज', ओ लेटर, ओके. विंडोज विचारतं की ड्राइव्ह लेटरवर अवलंबून असलेले काही प्रोग्राम नीट चालणार नाहीत, चालेल का, तिथे येस. ड्राइव्हवरची एखादी फाइल उघडी असेल तर जुनं लेटर रिस्टार्टपर्यंत तसंच चालू राहील असं सांगतं, म्हणून आधी सगळे प्रोग्राम बंद केलेले बरे. मग एफ वर तेच करून डी दिला. झालं. रिस्टार्टही लागला नाही, एडिटिंगचा प्रोग्राम उघडला तर सगळ्या ट्रॅक जागेवर, शॉर्टकट चालू.

या कामासाठी मी टूलला पाचपैकी चार देते, आणि एक का कापला तेही सांगते, ते महत्त्वाचं आहे.

ज्या राइट क्लिकच्या मेनूत 'चेंज ड्राइव्ह लेटर' आहे त्याच मेनूत, त्याच आकाराच्या अक्षरांत, 'फॉरमॅट' आणि 'डिलीट व्हॉल्यूम' आहेत. एक काम असं की काहीही नुकसान न होता दहा वेळा मागेपुढे करता येतं, आणि दुसरी दोन अशी की त्यांना अनडू नाही. घाबरलेला माणूस हे टूल उघडतो, शांत माणूस उघडत नाही, तेव्हा ही दोन्ही कामं वेगळी ठेवायला हवी होती. फॉरमॅटच्या आधी इशारा येतो हे खरं, पण लेटर बदलतानाही इशारा येतो, आणि दोन्हींवर येस दाबायची सवय एकच असते. तसंच कधी कधी टूल उघडताच 'इनिशियलाइज डिस्क' अशी खिडकी समोर येते. ती डिस्क नवी कोरी असेल तरच ओके करा. जिच्यावर तुमचा डेटा आहे तिच्यासाठी ही खिडकी आली तर कॅन्सल, कारण तेव्हा लेटरचा प्रश्न नसून डिस्क किंवा केबलचा प्रश्न असतो.

अजून एक अडचण रिकव्हरी पार्टिशनची. २०१८ च्या एप्रिलमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १८०३ अपडेटनंतर बऱ्याच लोकांकडे मशीन बनवणाऱ्याच्या लपलेल्या रिकव्हरी पार्टिशनला अचानक लेटर मिळालं आणि ती डिस्क भरत आलीय असे मेसेज सारखे यायला लागले. अशा पार्टिशनवर इथे राइट क्लिक केलं तर नुसतं 'हेल्प' दिसतं, बाकी काही करता येत नाही. तिथे डिस्कपार्ट लागतं, म्हणजे हीच कामं कमांड टाइप करून करायचं विंडोजचं टूल. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, 'डिस्कपार्ट' टाकायचं, मग 'लिस्ट व्हॉल्यूम', यादीतला नंबर बघून 'सिलेक्ट व्हॉल्यूम' आणि तो नंबर, मग 'रिमूव्ह लेटर', बरोबरचं चिन्ह आणि ते अक्षर. पार्टिशन तसंच राहतं, फक्त एक्सप्लोररमधून जातं. लेटर द्यायचं असेल तर 'रिमूव्ह'च्या जागी 'असाइन'. डिस्कपार्ट भरवशाचं आहे, पण ते पुन्हा विचारत नाही, 'क्लीन' टाकलं की निवडलेल्या डिस्कची सगळी पार्टिशन क्षणात जातात, म्हणून सिलेक्ट केल्यावर पुन्हा एकदा 'लिस्ट व्हॉल्यूम' टाकून तारा कुठल्या ओळीपुढे आहे ते बघायची सवय मी लावून घेतलीय.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमध्येही हे देता येतं, सिस्टिम, स्टोरेज, ॲडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज आणि त्यात डिस्क्स अँड व्हॉल्यूम्स. दिसायला छान आहे, अक्षरं मोठी आहेत, पण तिथे सगळं एकाखाली एक यादीत येतं आणि डिस्कची ती पट्टी नाही, मला तरी त्यात कुठलं पार्टिशन कोणाचं हे पटकन कळलं नाही. ज्यांना राइट क्लिकच्या मेनूची भीती वाटते त्यांनी तिथून करावं.

सी चं लेटर बदलायला जाऊ नका, टूल करूच देत नाही आणि तेच बरोबर आहे. दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हचं बदलत नसेल तर त्याच्यावर पेजिंग फाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) ठेवलीय का बघा, ती आधी सी वर हलवावी लागते. डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्स फोल्डरची जागा डी वर केली असेल आणि डी चं लेटर हललं तर 'लोकेशन इज नॉट अव्हेलेबल' असा मेसेज येतो, तेव्हा फोल्डरची जागा बदलत बसू नका, ड्राइव्हला मूळ लेटर परत द्या, मेसेज आपोआप थांबतो. आणि मशीन सुरूच होत नाहीये म्हणून रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये गेलात आणि तिथे सी उघडल्यावर भलतंच काही दिसलं तर दचकू नका, तिथली सिस्टिम एक्स या लेटरवर तात्पुरती चालते आणि बाकीची लेटर स्वतःच्या हिशोबाने वाटते, तुमच्या नेहमीच्या विंडोजमधली लेटर त्याने बदलत नाहीत.

जुन्या, आता नसलेल्या डिस्कच्या नोंदी रजिस्ट्रीत साचलेल्या असतात, त्या काढायला कमांड प्रॉम्प्टमध्ये 'माउंटव्हॉल' ही कमांड स्लॅश आर देऊन चालवायची. रजिस्ट्रीत हाताने जाऊन 'माउंटेड डिव्हायसेस' पुसा असे सल्ले मिळतात, मी ते केलं नाही आणि करणारही नाही, त्या कीमध्ये सी ची नोंदही असते. फक्त माउंटव्हॉल चालवताना बाहेरच्या नेहमीच्या डिस्क जोडून ठेवा, नाहीतर त्यांचीही लेटर विसरली जातील.

एक गोष्ट मी सगळं नीट झाल्यावर केली आणि ती आधीच करायला हवी होती. बाहेरच्या डिस्कला मागची लेटर दिली. ए आणि बी पूर्वी फ्लॉपीची होती म्हणून हार्ड डिस्क सी पासून सुरू होते, आणि नवं जे काही लावाल त्याला विंडोज पुढून, पहिलं रिकामं लेटर देतं. त्यामुळे डी, ई, एफ वर सतत गर्दी आणि मागचा भाग मोकळा. माझी बॅकअप डिस्क आता आर वर आहे, कार्ड रीडर कितीही वेळा लावला तरी तिथपर्यंत पोचत नाही. प्रत्येक डिस्कला वेगळं नावही दिलं, एनटीएफएसवर ३२ अक्षरांपर्यंत नाव देता येतं, एफएटी ३२ वर ११ च. जुन्या हार्ड डिस्कचं नाव आता 'जुनी कॉपी' असं आहे, त्यामुळे दोन एकसारख्या दिसण्याचा प्रश्न मिटला.

रात्रीची कॉपी मात्र मी लगेच चालू केली नाही. आधी डी वर आणि आर वर एकेक छोटी टेक्स्ट फाइल ठेवली, दोन्हींची नावं वेगळी, आणि रात्रीची कॉपी चालवणाऱ्या बॅच फाइलमध्ये (कमांड ओळीने लिहिलेली फाइल) रोबोकॉपीच्या आधी दोन ओळी टाकल्या की या दोन्ही फाइल्स आपापल्या जागी सापडल्या तरच पुढे जायचं, नाहीतर तिथेच थांबायचं. तपासायला म्हणून डी वरच्या फाइलचं नाव मुद्दाम बदललं आणि टास्क हाताने चालवली, ती थांबली. नाव परत ठीक केलं, चालवली, मग चार महिन्यांचं सगळं काम आर वर गेलं का ते फोल्डर फोल्डर उघडून बघितलं. सगळं होतं. त्यानंतरच रात्री दहाची वेळ परत लावली.